गड्याची अकरा पावलं

मे महिन्यात परभणीत दुपारी एकनंतर कोणी कोणाकडे जात नाही, आणि गेलंच तर समजावं की त्याच्या घरावर काहीतरी कोसळलं आहे. त्या शनिवारी कचेरीचा लाकडी जिना करकरला तेव्हा आश्रुबा बाकावर पंचा उशाला घेऊन आडवे होते. जमादार म्हणून पोलीस खात्यातून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती, पण पावलांवरून माणूस ओळखण्याची ऐट काही गेली नव्हती.

"बाईमाणूस आहे. पायात चप्पल नाही," डोळे न उघडताच ते म्हणाले.

"आणि पहिल्यांदाच येतेय," टेबलामागून वैजीनाथराव म्हणाले. "चौथी पायरी मोडकी आहे हे तिला माहीत नव्हतं. ठेच लागली."

वैजीनाथराव पूर्वी एका विमा कंपनीचे तपासनीस होते. जळालेल्या कापसाचे आणि मेलेल्या बैलांचे खोटे दावे पकडून पकडून त्यांना माणसांचा कंटाळा आला. मग नोकरी सोडून त्यांनी स्टेशन रोडवर खासगी तपासाची पाटी लावली आणि पुन्हा माणसांच्याच भानगडीत पडले. आश्रुबा त्यांचे सोबती. डोकं वैजीनाथरावांचं आणि स्कूटर आश्रुबांची, अशी सरळ वाटणी होती.

दारात पन्नाशीची बाई उभी होती. अंगठ्यातून रक्त येत होतं, तिकडे तिचं लक्षही नव्हतं.

"साहेब, माझ्या लेकाला चोर म्हणायलेत."

आश्रुबांनी तिला बाकावर बसवून पाणी दिलं. नाव कमलबाई. कृषी विद्यापीठाच्या शेतावर रोजानं काम. मुलगा चंद्रभान, बावीस वर्षांचा, इलेक्ट्रॉनिक्सची पदविका पहिल्या वर्गात मिळवलेला, आणि त्याच तंत्रनिकेतनात तात्पुरता सहायक.

"नागनाथ सरांच्या हाताखाली होता. सर माणसावानी चालणारं यंत्र बनवायले होते. गडी म्हणायचे त्याला. सर मार्चमधी तापानं गेले. बुधवारी मुंबईचे लोक गडी बघाया आले, तर गडी हललाच न्हाई. आता आबासाहेब म्हणतेत, त्याच्यातली चिप का काय, ती चंद्रभाननं बदलली आन् हैदराबादला इकली. सोमवारी अकरा वाजता बैठक हाय. कामावरून काढणार आन् पोलिसात देणार. एकदा केस झाली की कोन नोकरी देतंय साहेब?"

"तो काय म्हणतो?"

"तेच तर! म्या घेतली न्हाई, एवढंच. मंग कोनी केलं इचारलं की भिताडाकडं तोंड करून बसतो." कमलबाईंनी पदरानं घाम पुसला. "अठ्ठ्याहत्तरला, नामांतराच्या टायमाला, गावातलं आमचं घर जाळलं. तवा हा दहा वर्साचा होता. तवाबी असाच गप झाला होता. म्हैनाभर बोलला न्हाई."

वैजीनाथरावांनी टोपी उचलली. "जमादार, स्कूटर काढा."

तंत्रनिकेतनात विभागप्रमुख आबासाहेब पंख्याखाली बसले होते. माणूस वाईट नव्हता. मुंबईच्या पाहुण्यांसमोर नाचक्की झाली होती आणि ती कोणाच्या तरी नावावर लावल्याशिवाय त्यांना झोप येत नव्हती.

"माझा विषय मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर," ते म्हणाले. "हे चिपचं खूळ नागनाथचं. पण पोरगा हुशार, कबूल करतो. आधीच्या कार्डाला फक्त चालू आणि बंद एवढंच कळायचं. गडी पाय उचलायचा, तोल जायचा आणि आपटायचा. नागनाथनं नवं कार्ड बनवलं. तळपायाखाली चार बटणं बसवली. भार कुठल्या बटणावर आहे ते कार्ड वाचणार आणि त्याप्रमाणे कुठल्या मोटारीला किती वीज द्यायची ते ठरवणार. ते ठरवण्याचे आकडे सगळे या चिपमध्ये."

त्यांनी वहीएवढं हिरवं कार्ड पुढे सरकवलं. मधोमध एक राखाडी चिप होती. वैजीनाथरावांनी ती सुरीच्या टोकानं अलगद उपसून आश्रुबांच्या तळहातावर ठेवली.

"काय दिसतं, जमादार?"

"चोवीस पाय. बारा इकडं, बारा तिकडं. एका पायाला तारेचा तुकडा डागलाय." आश्रुबांनी चिप डोळ्यांजवळ धरली. "पाठीवर नखाएवढी काच आहे. काचेच्या कडेनं चौकोनी चिकट डाग, त्यावर धूळ बसलीय."

"आबासाहेब, ही काच कशासाठी?"

"असेल काहीतरी. मुंबईच्या साहेबांनी त्यांच्या यंत्रावर चिप वाचली. सगळीकडे एकच आकडा. चिप कोरी आहे म्हणाले, आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेले. आता कोरी म्हणजे नवी, आणि नवी म्हणजे बदललेली! ही चिप आपल्याकडे मिळत नाही, हैदराबादला मिळते. आणि चंद्रभान पंचवीस एप्रिलला हैदराबादला गेला होता. दुकानाची पावतीच त्याच्या खिशात निघाली. ही बघा."

"गडी खरंच चालला होता?"

"एकोणीस मार्चला. माझ्या डोळ्यांसमोर. अकरा पावलं, मी मोजली." आबासाहेबांचा आवाज क्षणभर मऊ झाला. "नागनाथच्या अंगात तेव्हाच ताप होता. दोन दिवस बसून त्यानं ते आकडे थेट चिपमध्ये भरले. वहीत उतरवून ठेव म्हटलं, तर म्हणाला, आधी चालू दे सर, मग लिहितो. पंचवीस मार्चला गेला. म्हणजे ते आकडे जगात फक्त त्या एका चिपमध्ये होते. चोराला बरोबर माहीत होतं काय उचलायचं. मी नागनाथला सांगत होतो, असल्या लोकांना इतकं जवळ करू नये."

आश्रुबांनी खिडकीबाहेर पाहिलं. असली वाक्यं त्यांनी पोलीस ठाण्यात उभा जन्म ऐकली होती आणि दरवेळी खिडकीबाहेरच पाहिलं होतं, याची त्यांना आता लाज वाटत असे.

नागनाथची वही आबासाहेबांकडेच होती. वैजीनाथराव पानं उलटत होते, आश्रुबा खांद्यावरून वाचत होते. 'तीन पावलं. डावीकडे पडला. गच्ची, आठ दिवस.' ही नोंद जानेवारीची होती. 'पाच पावलं. गुडघा उशिरा वळतो. तेरावा पाय तुटला, तार डागली. दुसरी चिप मिळेपर्यंत हीच वापरायची.' आणि मार्चच्या सुरुवातीला शेवटची नोंद, 'गच्ची, नऊ दिवस.'

"उकाड्याचा गच्चीवर झोपत असेल बिचारा," आश्रुबा म्हणाले.

"जानेवारीत?" वैजीनाथरावांनी वही मिटली. "चिप माझ्याजवळ राहू द्या, आबासाहेब. सोमवारी परत देतो."

चंद्रभान दोन खोल्यांच्या घरात भिंतीला टेकून बसला होता. शर्टाला इस्त्री होती, दाढी मात्र चार दिवसांची होती. वैजीनाथरावांनी आडपडदा न ठेवता विचारलं, "हैदराबादला कशाला गेलास?"

"दुसरी चिप आणायला. सरांची शेवटची मेहनत एकाच चिपमध्ये होती. नक्कल करून ठेवावी म्हटलं." त्यानं कोनाड्यातून चांदीच्या कागदात गुंडाळलेली कोरी करकरीत चिप काढून दाखवली. "ही ती. आबासाहेबांना दाखवली. ते म्हणाले, दोन घेतल्या असशील, एकीची पावती नसेल."

"सरांकडचं कार्ड कधी उघडलंस?"

"सत्तावीस एप्रिलला. त्याआधी महिनाभर प्रॅक्टिकल परीक्षा चालल्या होत्या. तिकडे फिरकताच आलं नाही."

"आणि उघडलंस तेव्हाच ती कोरी होती."

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"त्याच दिवशी बोंब का नाही मारलीस?"

"मुंबईचे लोक यायला पाच दिवस होते. सर आकडे भरताना मी शेजारी बसायचो. वाटलं, आठवून आठवून भरता येतील."

"आले?"

"दोन पावलं," चंद्रभान म्हणाला. "दोनच पावलं आली. मग तीही गेली. ते सगळं मी कार्डावर चिपच्या जागी तारा आणि बटणं जोडून करून पाहत होतो, सरांच्या चिपमध्ये काही भरलं नाही."

"काचेवर पट्टी होती. ती कुठे गेली?"

पोरानं पहिल्यांदा मान वर केली. त्याच्या डोळ्यांत भीती होती, आणि आश्रुबांना ती स्वतःसाठीची वाटली. "मला माहीत नाही," तो म्हणाला. "साहेब, हा तपास सोडा. मायला मी समजावतो. आणि सरांच्या घरी जाऊ नका. नुकतंच दुःख झालंय तिथं."

बाहेर आल्यावर आश्रुबा म्हणाले, "राव, पोरगं काहीतरी लपवतंय. त्यानंच केलं असेल तर?"

"लपवतंय हे खरं," वैजीनाथराव म्हणाले. स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवरून त्यांनी पावतीवरच्या नंबरला फोन लावला. दुकानदाराला दोन प्रश्न विचारले. पहिला, त्या पोरानं किती चिपा घेतल्या. एकच, असं उत्तर आलं. दुसरा प्रश्न काचेबद्दल होता. त्याचं उत्तर ऐकून वैजीनाथराव फोन ठेवायचं विसरले आणि बूथवाल्यानं हातातून काढून घेतला.

रविवारी सकाळी ते नागनाथच्या घरी गेले. जायला नको, असं वैजीनाथराव वाटेत दोनदा म्हणाले. आश्रुबांनी त्यांना असं घुटमळताना कधी पाहिलं नव्हतं.

नागनाथची आई धुरपताबाई घरात एकटीच होती. लेकानं लग्न केलं नव्हतं, नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती. त्यांनी दोघांना मागच्या पत्र्याच्या खोलीत नेलं. तिथे गडी आढ्याच्या दोरीला टांगलेला होता. माणसाएवढा उंच, ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या मांड्या, मोटारगाडीच्या वायपरच्या मोटारी गुडघ्यांना, छातीच्या जागी रिकामा डबा. चेहरा नव्हता. बाईंनी सवयीनं त्याच्या खांद्यावरची धूळ झटकली.

"ह्याच्या बापाचा पाय उसाच्या चरकात गेला," त्या म्हणाल्या. "नागनाथ तवा शाळंत होता. म्हनायचा, आई, आधी यंत्राला चालाया शिकवतो. ते शिकलं की मंग पाय गेलेल्या मानसाला तसलाच पाय देता येईल. लय ध्यास होता बघा."

"या खोलीची किल्ली कोणाकोणाकडे?"

"एक चंद्रभानकडं. एक हितं खुट्टीला. आबासाहेब वही न्यायला आले, तवा म्या समोर हुबी होते. चंद्रभान परीक्षंमुळं म्हैनाभर आला न्हाई. दुसरं कोन येणार?"

"तुम्ही?"

"म्या तर रोजच! झाडायची, पुसायची. लेकाच्या मागं म्या काय बी कमी पडू दिलं न्हाई साहेब. त्यो करायचा तसं समदं केलं." त्यांनी गड्याच्या दोरीची गाठ चाचपली. "चंद्रभाननं चोरी केली म्हनतेत. मला खरं वाटंना. ह्या घरात माझ्या हातचं जेवलाय त्यो. पर कुलपाला धक्का न्हाई, मंग कोन? आबासाहेबानं कागद आणला, म्या अंगठा दिला. ज्यानं माझ्या लेकाचा गडी मारला त्याला सोडू नका."

वैजीनाथरावांनी गच्ची पाहायची परवानगी मागितली. जिना चढून आश्रुबांना धाप लागली. चारही बाजूंच्या गच्च्या कुरडया-पापडांनी पांढऱ्या झाल्या होत्या. या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी एक पितळी ताट पालथं घातलं होतं, जवळ चार दगड. कठड्याला ओळीनं कुंकवाची बोटं उमटवलेली होती. आश्रुबांनी ती मोजली, बारा भरली.

"म्हातारीचं वाळवण उरकलं वाटतं," ते म्हणाले.

खाली आल्यावर बाईंनी चहा दिला. वैजीनाथराव सहज म्हणाले, "कुरडया झाल्या का यंदाच्या?"

"आमच्यात यंदा कुठल्या कुरडया, साहेब? दुःखाचं वरीस. सोनपेठची जाऊ आणून दील थोड्या."

देवघराच्या चौकटीच्या फटीत काळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा चौकोन खोचला होता. दृष्ट लागू नये म्हणून असेल, असं आश्रुबांना वाटलं. दृष्ट लागण्याजोगं त्या घरात आता काय उरलंय, असंही वाटलं.

कचेरीशी स्कूटरवरून उतरताना वैजीनाथराव म्हणाले, "जमादार, विमा कंपनीत होतो तेव्हा शेवटी कोणीतरी लबाड सापडायचा. बरं असायचं ते."

सोमवारी अकरा वाजता तंत्रनिकेतनाच्या लांब टेबलाभोवती संस्थेची चार माणसं, आबासाहेब आणि एका टोकाला धुरपताबाई बसल्या होत्या. चंद्रभान उभा होता. कमलबाई दाराशी जमिनीवर बसल्या होत्या. खुर्ची द्यायचं कोणाला सुचलं नव्हतं, म्हणून आश्रुबांनी आपली खुर्ची नेऊन दिली.

"चंद्रभान निर्दोष आहे," वैजीनाथराव म्हणाले. "कारण मी आबासाहेबांना एकट्याला सांगेन. बाकीच्यांनी बाहेर थांबावं. निदान धुरपताबाईंनी."

"मुळीच नाही," आबासाहेब म्हणाले. "तक्रार बाईंची आहे. अंगठा त्यांचा आहे. जे काही असेल ते इथे, सगळ्यांसमोर. नाहीतर मी पुढची कारवाई करतो."

"म्या बी ऐकणार," धुरपताबाई म्हणाल्या. "माझा लेक हाय."

वैजीनाथरावांनी चंद्रभानकडे पाहिलं. चंद्रभाननं नकारार्थी मान हलवली, अगदी थोडी.

"ठीक आहे," वैजीनाथराव म्हणाले आणि चिप टेबलावर ठेवली. "तुमचं सगळं म्हणणं एका गोष्टीवर उभं आहे. चिप कोरी आहे, म्हणजे नवी आहे, म्हणजे जुनी पळवली. जरा हिचे पाय बघा. तेराव्या पायाला तार डागलेली आहे. नागनाथच्या वहीत लिहिलंय, तेरावा पाय तुटला, तार डागली, दुसरी मिळेपर्यंत हीच वापरायची. दुकानातून आणलेल्या चिपेला कोणी असं ठिगळ लावत नाही. चंद्रभाननं विकत घेतलेली चिप त्याच्या घरी चांदीच्या कागदात आहे, आणि दुकानदार सांगतो की त्यानं एकच नेली. तेव्हा काहीही चोरीला गेलेलं नाही. ही नागनाथचीच चिप आहे."

आबासाहेबांनी चिप उचलून पाहिली. कपाळावर आठ्या पडल्या. "मग कोरी कशी?"

"हाच खरा प्रश्न. हिच्या पाठीवर काच आहे..."

"मी पुसली!" चंद्रभान एकदम ओरडला. "मीच पुसली. सरांवर राग होता माझा. लिहून घ्या तसं, मी सही करतो."

दाराशी कमलबाई उठून उभ्या राहिल्या. आणि आश्रुबांच्या डोक्यात, नेहमीप्रमाणे उशिरा, पण या वेळी सगळंच एकदम, उजेड पडला. पोराच्या डोळ्यातली ती भीती स्वतःसाठीची नव्हती. त्यांना वाटलं, वैजीनाथरावांनी आता गप्प बसावं. पण गप्प बसले तर हे पोरगं तुरुंगात जाणार होतं.

"तू खोटं बोलतोस," वैजीनाथराव हळू म्हणाले. "पुसली असतीस तर नक्कल करायला स्वतःच्या खर्चानं हैदराबादला गेला नसतास. सत्तावीस तारखेला तू कार्ड उघडलंस, काचेवरची काळी पट्टी नाही हे पाहिलंस, आणि तुला सगळं समजलं. तेव्हापासून तू कोणालातरी वाचवतो आहेस." ते वळले. "धुरपताबाई, यंदा तुमच्या घरी वाळवण नाही. मग गच्चीवर ताटात बारा दिवस काय ठेवलं होतं?"

"ती चिपच की!" बाई सहज म्हणाल्या. लपवण्यासारखं काही आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. उलट कोणी विचारलं याचं बरं वाटलं असावं. "नागनाथ ठिवायचा तशी. टार्चचे सेल उतरले की आपण उन्हात न्हाई का ठिवत? तसं. त्यो आठ-आठ दिवस गच्चीवर ताटात ठिवायचा. डोळ्यावरची पट्टी काढून, म्हंजी ऊन आत जावं. अन् दरवेळंला उन्हातनं काढली की गडी जास्ती चालायचा. आधी तीन पावलं. मंग पाच. मंग अकरा. म्या डोळ्यानं बघितलंय."

बाई सांगत होत्या.

"तेरावं झालं. मुंबईचे लोक येणार व्हते. त्याचं कोन करणार आता? म्या म्हणलं, आपण करू. आठ न्हाई, चांगले बारा दिवस ठिवू. पार रस्त्यापातूर चालू दे. रोज एक कुंकवाचं बोट लावायची मोजाया. कावळ्यानं न्यू न्हाई म्हणून काठी घिऊन बसायची. मंग त्यो बसवायचा तशी माघारी बसवली. पट्टी मातूर उन्हानं सुकली, परत चिकटंना, म्हणून देवापशी खोचून ठिवली."

"बाई," आबासाहेब म्हणाले, "ऊन..."

"ऊन आत गेलं की त्या चिपेतलं सगळं पुसलं जातं," वैजीनाथरावांनी ते वाक्य स्वतःकडे घेतलं. एवढं तरी आबासाहेबांच्या तोंडून यायला नको होतं. "काच त्यासाठीच असते. ती पुसायचा खास दिवा मिळतो, पण फार महाग. नागनाथकडे तो नव्हता, म्हणून तो उन्हानं पुसायचा. जुने आकडे गेले की नवे, जास्त चांगले भरायचा. म्हणून गडी जास्त चालायचा. आकडे भरून झाले की काचेवर काळी पट्टी लावायचा, ऊन लागू नये म्हणून."

धुरपताबाईंनी ऐकलं. आधी त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मग त्या आपल्या हातांकडे बघायला लागल्या, आणि बघतच राहिल्या.

"म्हंजी म्या..." त्या म्हणाल्या.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कागद खुडखुडले. आबासाहेबांनी घसा साफ केला. चोरीचा मुद्दा निकालात निघाला, ते म्हणाले, पोलिसांत जायचं कारण नाही, चंद्रभानबद्दल संस्थेला वाईट वाटतं. पण आता प्रकल्पच उरला नाही, तेव्हा सहायकाची जागाही महिनाअखेर बंद होईल. संस्थेच्या माणसांनी माना डोलावल्या. एकानं घड्याळ पाहिलं.

कमलबाईंना ज्यासाठी त्या आल्या होत्या ते मिळालं होतं. त्यांच्या लेकाला आता कोणी चोर म्हणणार नव्हतं. पण त्या लेकाकडे गेल्याच नाहीत. लांब टेबलाला वळसा घालून त्या धुरपताबाईंपाशी गेल्या आणि त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. एकीनं दुसरीच्या लेकाविरुद्ध अंगठा दिला होता, पण त्या क्षणी दोघींच्याही ते लक्षात नव्हतं.

वैजीनाथराव खाली मान घालून उभे होते. आश्रुबांना त्यांचा राग आला, आणि त्यांचं चुकलं कुठे ते मात्र सांगता येईना. दोघांपैकी एकालाच वाचवता येणार होतं. ज्याला वाचवलं त्याच्याही हातात काही पडलं नव्हतं.

चंद्रभान बाईंच्या खुर्चीशेजारी खाली बसला. "आई, तुमची चूक नाही. मीच आधी यायला पाहिजे होतं. पट्टी काढू नका म्हणून सांगायला पाहिजे होतं."

"तुला ठावं व्हतं," बाई म्हणाल्या. "तुला ठावं व्हतं, अन् म्या तुझ्यावर अंगठा दिला."

बाईंनी टेबलावरची चिप उचलली. उजेडात धरून त्या काचेतून आत काही दिसतं का ते पाहू लागल्या. मग घाईघाईनं ती उजेडातून बाजूला घेतली.

"चंद्रभान, तू शिकलेला हायेस," त्या अगदी हळू म्हणाल्या. "उन्हात ठिवली म्हणून गेलं ना? मंग आता सावलीत ठिवली तर? बारा दिवस ठिवू, म्हैनाभर ठिवू. अंधारात ठिवू. येईल का रं माघारी?"

वैजीनाथरावांनी तोंड उघडलं. आश्रुबांनी त्यांचा दंड धरला आणि आपलीच बोटं दुखेपर्यंत दाबला.

"ठेवून बघू, आई," चंद्रभान म्हणाला.

बाईंनी चिप पदराआड घेतली आणि काचेवर अंगठा घट्ट दाबून धरला. संस्थेची माणसं उठली, खुर्च्या सरकल्या, आबासाहेब फाईल घेऊन गेले, शिपायानं पंखा बंद केला. तरी त्यांनी तो अंगठा उचलला नाही.